पस्तीस तासांचा सौदा: फ्रान्समध्ये आठवडा आखूड झाला, भरतीचे काय झाले?

फ्रान्समधल्या पूर्णवेळ कामगाराच्या पगारपत्रकावर आजही बहुधा एक चमत्कारिक आकडा छापलेला असतो: १५१.६७. हे त्याचे महिन्याचे कामाचे तास. ३५ ला ५२ आठवड्यांनी गुणायचे, १२ महिन्यांनी भागायचे, की हा आकडा येतो. १९९८ पर्यंत त्या जागी १६९ असायचे, कारण तेव्हा आठवडा ३९ तासांचा होता. महिन्याचे सव्वासतरा तास गेले आणि बहुतेकांचा पगार होता तेवढाच राहिला. मधल्या फरकाचे पैसे कुणी भरले, आणि त्या सुटलेल्या तासांवर किती नवी माणसे कामाला लागली, एवढेच या प्रकरणात पाहायचे आहे.

हेच प्रकरण निवडण्याचे कारण आहे. चार दिवसांच्या आठवड्याची चर्चा निघाली की हल्ली स्वखुशीने प्रयोग करणाऱ्या कंपन्यांचे दाखले दिले जातात. त्या प्रयोगांत एक खोट असते. ज्यांना जमण्यासारखे असते त्याच कंपन्या भाग घेतात, मग निकाल चांगला येतो यात नवल ते काय? फ्रान्समध्ये कायदाच झाला. गाड्या बनवणारे, बिस्किटे बनवणारे, बँका, सुपरमार्केट, पुढे सरकारी इस्पितळेसुद्धा, सगळे त्यात आले. शिवाय तिथे खरोखर तास कमी झाले. आपल्या राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला तेव्हा रोजची वेळ पाऊण तासाने वाढवली होती. दिवस घटले, तास घटले नाहीत. त्यावरून भरतीबद्दल काही शिकता येत नाही.

आधीचे दोन प्रयत्न

फ्रान्सला हे नवे नव्हते. १९३६ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. १९८२ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या सरकारने एक तास आणखी काढला आणि भरपगारी रजेचा पाचवा आठवडा दिला.

हा १९८२ चा एक तास लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रुनो क्रेपाँ आणि फ्रांसिस क्रामार्झ या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे वीस वर्षांनी त्याचा माग काढला. कायदा होण्याआधी काही कामगार बरोबर ४० तास काम करत होते, तर काही आधीपासूनच ३९ किंवा त्याहून कमी. कायद्याचा धक्का फक्त पहिल्या गटाला बसणार होता. दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा असे दिसले की ४० तासवाल्यांची नोकरी जाण्याचे प्रमाण जास्त होते, आणि हा फरक २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान होता. सर्वांत जास्त मार किमान वेतनावरच्या लोकांना बसला. कारण सरळ आहे. त्यांचा महिन्याचा पगार कमी करता येत नव्हता, म्हणून तासाचा दर वाढला, आणि मालकाच्या हातात त्याची भरपाई करणारे काहीच नव्हते. सरकारने तास कापले आणि पुढचे मालकावर सोडून दिले.

कामगारमंत्री मार्तिन ओब्रीबाईंनी १९९८ पासून आणलेल्या ३५ तासांच्या कायद्याची बांधणी वेगळी झाली ती म्हणूनच.

सौदा कसा बांधला

१९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी संसद मुदतीआधी विसर्जित केली आणि स्वतःच्याच पक्षाला हरवून बसले. समाजवादी लिओनेल जोस्पँ पंतप्रधान झाले, मार्तिन ओब्री कामगारमंत्री. बेकारी तेव्हाच्या मोजणीप्रमाणे १२ टक्क्यांच्या वर होती. पगार न कापता ३५ तास हे निवडणुकीतले वचन होते. ऑक्टोबर १९९७ च्या परिषदेत सरकारने कायदा आणणारच असे जाहीर केले, तेव्हा मालकांच्या संघटनेचे प्रमुख जाँ गांद्वा यांनी राजीनामा दिला. आता वाटाघाटी करणाऱ्याऐवजी मारेकरी स्वभावाचा माणूस हवा, अशा आशयाचे बोलून ते गेले. त्यांच्या जागी सेयिएर आले आणि संघटनेचे नाव बदलून मेदेफ झाले. बाहेर एवढी आदळआपट चालली असताना आत कायद्याचा मसुदा मात्र मालकांना बराच सोयीचा होत गेला. हे त्या वेळच्या भाषणांवरून कळत नाही, कलमे वाचली की कळते.

कायदा दोन हप्त्यांत आला. पहिला १३ जून १९९८ चा. त्यात म्हटले होते की २० हून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना १ जानेवारी २००० पासून आठवडा ३५ तासांचा, लहानांना २००२ पासून. पण जो आधीच युनियनशी करार करून तास १० टक्क्यांनी कमी करेल आणि कामगारसंख्या ६ टक्क्यांनी वाढवेल, त्याला दर कामगारामागे पहिल्या वर्षी ९,००० फ्रँकची सवलत मिळेल. ही सवलत मालकाने भरायच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांत, म्हणजे आपल्याकडे पीएफ-ईएसआयमध्ये मालकाचा वाटा असतो तशा रकमेत. ती दर वर्षी हजार फ्रँकने उतरत पाच वर्षे चालायची. कंपनी अडचणीत असेल तर नवी भरती न करता ६ टक्के नोकरकपात टाळली तरी चालायचे. घेतलेली माणसे निदान दोन वर्षे टिकवायची अट होती.

दुसरा कायदा १९ जानेवारी २००० चा. त्यात सवलत राहिली, तिचे रूप बदलून ती कायमची आणि कमी पगाराच्या लोकांसाठी जास्त अशी झाली. भरतीची अट मात्र गेली. आणि वर्षाचे १,६०० तास ही मोजणी आली. हे शेवटचे कलम मला सगळ्या प्रकरणात सर्वांत वजनदार वाटते. त्याकडे पुढे येतोच.

मधल्या काळात कारखानदारांनी आपली तजवीज केली होती. पहिला कायदा होऊन दीड महिनाही झाला नव्हता तोच धातू-उद्योगाच्या मालकसंघटनेने तीन युनियनांबरोबर करार करून जादा तासांची वार्षिक मर्यादा चांगली वाढवून घेतली. कागदावर ३५, प्रत्यक्षात ३९, वरचे चार तास ओव्हरटाइम, असा तो बेत. सेएफदेते आणि सेजेते या दोन मोठ्या युनियनांनी त्यावर सही केली नाही. ओब्री संतापल्या.

शंभर कामगारांचा कारखाना

आता आकडेमोड करू, कारण या विषयावरची निम्मी भांडणे आकडे न मांडता होतात.

समजा एका कारखान्यात १०० कामगार आहेत. ३९ तासांप्रमाणे आठवड्याला ३,९०० मनुष्यतास. ३५ झाले की ३,५००. तूट ४०० तासांची. ती नव्या माणसांनी भरायची तर ४०० भागिले ३५, म्हणजे साधारण साडेअकरा माणसे लागतील. आठवडा आखूड केला की बेकारी आपोआप हटते असे मानणारे इथे थांबतात.

कायद्याने मात्र मागितली सहाच. १०६ माणसे, ३५ तास, म्हणजे ३,७१० तास. आधीपेक्षा १९० कमी. उत्पादन तेवढेच ठेवायचे तर प्रत्येक तासात साधारण ५ टक्के जास्त माल निघायला हवा. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीच धरून चालले होते की तुटीचा अर्धा भाग भरतीने भरेल आणि अर्धा कामाचा वेग वाढवून.

आता पैसे. महिन्याचा पगार तोच आणि तास ३५, म्हणजे तासाचा दर ११.४ टक्क्यांनी वाढला. १९९८ मध्ये ३९ तासांचे किमान वेतन महिन्याला सुमारे ६,८०० फ्रँक होते. आपल्या कारखान्यात सगळेच किमान वेतनावर आहेत असे धरा. सहा नव्या माणसांचा वर्षाचा पगार साधारण ४ लाख ९० हजार फ्रँक. सरकारी सवलत १०६ गुणिले ९,०००, म्हणजे ९ लाख ५४ हजार. मालकाचे विम्याचे हप्ते वर धरले तरी नव्या माणसांचा खर्च सवलतीच्या आतच बसतो. पाचव्या वर्षी सवलत माणशी ५,००० वर उतरली तरी ५ लाख ३० हजार हातात येतात.

हीच माणसे महिना २० हजार फ्रँक घेणारी अभियंते असती तर? सहा जणांचा नुसता पगारच १४ लाख ४० हजार. सवलत तेवढीच, ९ लाख ५४ हजार. व्यवहार तोट्याचा.

सवलत ठोक रकमेची होती, टक्केवारीची नव्हती, म्हणून असे झाले. स्वस्त मजुरीच्या कारखान्याला ३५ तास हा नुसता परवडणारा नव्हे तर पहिली काही वर्षे फायद्याचा सौदा होता. तेव्हा या काळात कुठे भरती वाढलेली दिसली, तर ती तास कमी झाल्यामुळे वाढली की सरकारने मजुरी स्वस्त केल्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड होऊन बसते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. १९८२ मध्ये तास कापले, भरपाई नाही, नोकऱ्या गेल्या. १९९८ मध्ये तास कापले, भरपाई दिली, नोकऱ्या गेल्या नाहीत, काही वाढल्या. दोन्हींत बदलली ती भरपाई.

कामगारानेही आपला हिस्सा भरलाच. जवळपास सगळ्या करारांत पगार एक-दोन वर्षे गोठवण्याचे किंवा अगदी सावकाश वाढवण्याचे कलम होते. महिन्याचा आकडा तसाच राहिला म्हणून कुणाला कापले गेल्याचे लगेच जाणवले नाही, पण ज्याला दर आठवड्याचा ओव्हरटाइम मिळत असे त्याला पहिल्याच महिन्यात कळले.

यंत्राचे तास आणि माणसाचे तास

उत्पादनाचे काय झाले हे समजून घ्यायचे तर माणसाचे तास आणि यंत्राचे तास वेगळे धरावे लागतात.

एका पाळीवर चालणाऱ्या कारखान्यात माणसाचे चार तास गेले की यंत्राचेही चार तास जातात. प्रेस बंद, भट्टी थंड, कर्जाचे व्याज चालूच. दोन पाळ्या असतील तर यंत्र ७८ तासांऐवजी ७० तास फिरते. पण तोच कारखाना तिसरी तुकडी घेऊ शकला, म्हणजे आणखी एक पाळी लावली किंवा शनिवार-रविवार धरून पाळ्या फिरत्या केल्या, तर ७० चे १०५ होतात. माणूस कमी वेळ काम करतो, यंत्र जास्त वेळ. ज्या उद्योगात यंत्रसामग्री महाग आणि ऑर्डर भरपूर, तिथे हा मार्ग फार चालला. पेजो-सित्रोएन आणि रेनो या दोन्ही मोटार कंपन्यांनी १९९९ मध्ये ३५ तासांचे करार केले, ते मालकांच्या पराभवाच्या सुरात मुळीच नव्हते. वयस्क कामगारांना लवकर निवृत्त करून तरुण घेण्याचा आणि असेंब्ली लाइनच्या वेळा नव्याने बांधण्याचा मोका त्यांना मिळाला.

ऑर्डर मात्र हव्यात. १९९८ ते २००० ही तिन्ही वर्षे फ्रान्सची वाढ तीन टक्क्यांहून जास्त होती, तेव्हा तिसऱ्या पाळीचा माल खपत होता. हाच कायदा मंदीत आला असता तर ही सगळी गोष्ट वेगळी लिहावी लागली असती.

आणि आता ते १,६०० तास. या कलमाने मालकाला आठवड्याऐवजी वर्षावर हिशेब करण्याची मुभा मिळाली. हंगामात आठवड्याला ४२ तास, मंदीच्या महिन्यांत २८, वर्षाची बेरीज १,६०० च्या आत बसली की ओव्हरटाइम द्यायचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात आइस्क्रीम, नाताळाआधी खेळणी, नवे मॉडेल आले की गाड्या. पूर्वी अशा वेळी ओव्हरटाइम द्यावा लागे किंवा हंगामी माणसे घ्यावी लागत. आता घरचीच माणसे ताणता-सैलावता येऊ लागली. हंगामी भरतीची गरज त्याने कमी झाली, ही बाजू भरतीचा हिशेब मांडणारे सहसा लिहीत नाहीत. वेळापत्रक बदलायचे तर साधारण आठवडाभर आधी कळवायचे एवढेच बंधन. लहान मुले असलेल्या कामगार बाईला येत्या आठवड्यात ४२ तास आहेत हे सात दिवस आधी कळले तर ती पाळणाघराची सोय कशी लावणार?

बरेच काही मोजणीच्या खटपटीतूनही निघाले. चहापाण्याची सुट्टी, कपडे बदलण्याचा वेळ, या गोष्टी पूर्वी कामाच्या तासांत धरल्या जात. अनेक करारांत त्या बाहेर काढल्या गेल्या. कागदावर चार तास कमी, कामगाराच्या घड्याळात तीनच किंवा त्याहून कमी. अधिकारीवर्गासाठी तर तास मोजणेच बंद करून वर्षाला २१७ दिवस अशी बोली आली. त्यांना जास्तीच्या सुट्ट्या मिळाल्या, त्यांना तिथे एरतेते म्हणतात, आणि शुक्रवारी दुपारपासून पॅरिसबाहेर जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या. कामाच्या दिवशी मात्र रात्री आठ वाजले तरी त्यांची नोंद कुठेच नाही.

या सगळ्याचा परिणाम म्हणून उत्पादन फारसे घसरले नाही. क्रेपाँ, लक्लेर आणि रू यांनी कंपन्यांच्या हिशेबांवरून २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात ३५ तासांवर गेलेल्या कंपन्यांची एकूण उत्पादकता ३९ वर राहिलेल्यांच्या तुलनेत घटलेली दिसली, पण तास ज्या प्रमाणात कमी झाले त्याच्या निम्म्याहूनही कमी. उरलेली घट कामाच्या नव्या बांधणीने आणि वाढलेल्या वेगाने भरून काढली. त्याच कंपन्यांत भरती मात्र इतरांपेक्षा जास्त झाली होती, आणि अभ्यासकांनी त्याचे श्रेय मुख्यतः विम्याच्या सवलतीला आणि गोठवलेल्या पगारांना दिले.

साडेतीन लाख, की शून्य?

कामगार मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागाचा अंदाज असा की १९९८ ते २००२ या काळात ३५ तासांमुळे साडेतीन लाख नोकऱ्या निर्माण झाल्या. हा आकडा पुढे संसदेच्या अहवालांतही येत राहिला. त्याच सुमारास देशात एकूण जवळपास वीस लाख नव्या नोकऱ्या तयार झाल्या होत्या, तेव्हा कायद्याच्या पदरात पडणारा वाटा पाच-सहातला एक.

टीका करणाऱ्यांचा मुद्दा असा की १९९८ मध्ये धावत जाऊन करार करणाऱ्या कंपन्या मुळातच वाढीवर होत्या. त्यांनी माणसे घेतलीच असती. सरकारने त्यांना त्यासाठी पैसे दिले इतकेच. शिवाय त्याच वर्षांत स्पेन आणि नेदरलँड्समध्येही रोजगार जोरात वाढला, तिथे तर ३५ तासांचा कायदा नव्हता.

हा तिढा सोडवण्याचा सर्वांत हुशार प्रयत्न मला शेमाँ आणि वासमेर या अर्थशास्त्रज्ञांचा वाटतो. फ्रान्सच्या पूर्वेला अल्सास आणि मोझेल हा टापू आहे. १८७१ ते १९१८ तो जर्मनीकडे होता आणि परत आल्यावरही त्याचे काही स्थानिक कायदे तसेच राहिले. त्यामुळे तिथे गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन दिवसांची जादा सुट्टी असते. ३५ तासांचा कायदा आला तेव्हा तिथल्या मालकांना या दोन सुट्ट्या तासकपातीत धरता आल्या. म्हणजे बाकी देशाच्या मानाने तिथे कपात आठवड्याला वीसेक मिनिटे कमी पडली. तास कमी केल्याने रोजगार वाढत असेल तर अल्सास-मोझेलमध्ये तो जरा कमी वाढायला हवा होता. तसा काहीच फरक सापडला नाही.

यावर आक्षेप घेता येतो. वीस मिनिटे म्हणजे फारच बारीक चाळणी, तिच्यातून काही सापडले नाही म्हणजे काही नव्हतेच असे म्हणता येत नाही. एस्तेवाँ आणि सा या दोघांनी मोठ्या आणि लहान कंपन्यांची तुलना करून वेगळ्या वाटेने जवळपास तेच सांगितले: एकूण रोजगारात वाढ दिसत नाही, पण मोठ्या कंपन्या सोडून लहानांकडे जाणारे आणि दोन-दोन नोकऱ्या करणारे वाढले. ज्याला पैसे हवे होते त्याने सुटलेले तास दुसरीकडे विकले.

मला या वादात असे वाटते की साडेतीन लाखांतल्या बऱ्याच नोकऱ्या खऱ्या होत्या, पण त्यांच्यावर ३५ तासांचे नाव चुकीने पडले. पहिल्या कायद्यातली सहा टक्क्यांची अट, ठोक सवलत आणि गोठवलेले पगार हे तिन्ही एकत्र होते तोवर भरती झाली. दुसऱ्या कायद्यात अट गेली आणि भरतीचा जोर ओसरला. कायद्यातला आठवडा दोन्ही वेळी ३५ तासांचाच होता.

जिथे गणित बसलेच नाही

पाच माणसांच्या बेकरीला दहा टक्के कपात म्हणजे अर्धा माणूस. अर्धा भट्टीवाला कुठून आणायचा? लहान धंद्यांपैकी बहुतेकांनी ३९ तास तसेच चालू ठेवले आणि वरच्या चार तासांना ओव्हरटाइमचा दर दिला. त्यांच्यासाठी तो दर सरकारने मुद्दाम कमी ठेवला होता. २० कामगारांची रेघ ओलांडली की बंधने वाढतात, म्हणून रेघेच्या आत राहण्याकडेही कल असायचा.

इस्पितळांची गोष्ट याहून वाईट. सरकारी इस्पितळांना ३५ तास जानेवारी २००२ पासून लागू झाले. तीन वर्षांत सुमारे ४५ हजार नव्या जागा भरायच्या असे ठरले. पैसा मंजूर झाला, पण परिचारिका तयार व्हायला तेव्हा तीन वर्षांहून जास्त लागत, आणि प्रशिक्षणाच्या जागा वेळेत वाढल्या नव्हत्या. वॉर्डात रुग्ण तेवढेच, माणसांचे तास कमी, बदली माणूस नाही. मग सुट्टी साठवून ठेवण्याची खाती निघाली. दिवस साचत गेले, घेता कधीच आले नाहीत. कारखान्यात यंत्र जास्त पळवता येते, रुग्णाला वेगाने बरे करता येत नाही.

किमान वेतनाचा गुंता याहून किचकट होता. ते तासावर ठरते, म्हणून तास घटले की महिन्याचे किमान वेतन दहा टक्क्यांनी घसरले असते. ते होऊ नये म्हणून सरकारने महिन्याच्या रकमेची हमी दिली. पण कंपनी ज्या वर्षी ३५ वर गेली त्या वर्षाप्रमाणे हमीचा आकडा वेगळा, त्यामुळे काही वर्षांत एकाच देशात अनेक किमान वेतने झाली. पुढच्या सरकारातले कामगारमंत्री फ्रांस्वा फियाँ यांनी २००३ च्या कायद्याने ती २००५ पर्यंत वरच्या पातळीवर एक करून टाकली. मजुरी पुन्हा महागली, ती भरून काढायला सवलती पुन्हा वाढवल्या. फ्रान्सच्या तिजोरीवर आज विम्याच्या सवलतींचा जो अवाढव्य भार आहे त्याचे एक मूळ इथे आहे.

कामगारांना स्वतःला काय वाटले? मंत्रालयाच्या २००१ च्या पाहणीत ५९ टक्के लोकांनी एकूण रोजचे जगणे सुधारले असे सांगितले, बिघडले म्हणणारे १३ टक्के. नेमक्या कामाच्या परिस्थितीविषयी विचारले तेव्हा मात्र सुधारली म्हणणारे आणि बिघडली म्हणणारे जवळपास सारखे निघाले. समाधान पगाराच्या पायरीप्रमाणे वर चढत जाई. २१ एप्रिल २००२ ला जोस्पँ राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. त्याला कारणे अनेक, पण ज्यांच्यासाठी कायदा केला त्या कारखान्यांतल्या मतदाराने पाठ फिरवली होती हे मतांवरून दिसत होते.

उलटा प्रयोग

पुढची सरकारे कायदा मोडण्याऐवजी पोखरत गेली. ओव्हरटाइमची वार्षिक मर्यादा १३० तासांवरून १८० वर, मग २२० वर गेली. २००३ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत हजारो वृद्ध दगावले, त्यानंतर वृद्धांच्या मदतीसाठी वर्षातला एक दिवस बिनपगारी कामाचा ठरला आणि १,६०० चे १,६०७ तास झाले. ऑक्टोबर २००७ पासून राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी ओव्हरटाइमवरचा आयकर माफ केला. जास्त काम करा, जास्त कमवा, ही त्यांची घोषणा.

काउक आणि कार्सिय्यो यांनी या माफीचाही हिशेब तपासला. लोक प्रत्यक्षात जास्त तास काम करू लागले असे दिसलेच नाही. जास्त शिकलेल्या कर्मचाऱ्यांच्या पत्रकांवर ओव्हरटाइमचे तास मात्र वाढले. करमाफी मिळते म्हटल्यावर मालक आणि कर्मचारी मिळून नेहमीचेच तास ओव्हरटाइम म्हणून लिहीत होते. राष्ट्राध्यक्षपदी ओलांद आल्यावर २०१२ मध्ये ही माफी काढून टाकण्यात आली. कायदेशीर आठवडा अजून ३५ तासांचाच आहे.

शेजारी जर्मनीत फोक्सवागनने १९९३ च्या अखेरीस केलेला करार या सगळ्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. तिथे प्रश्न भरतीचा नव्हताच. तीस हजार माणसे जास्तीची ठरली होती. आठवडा ३६ वरून २८.८ तासांवर आणला, वर्षाचे उत्पन्न कमी झाले, पण बोनसची रक्कम बारा महिन्यांत वाटून महिन्याचा आकडा टिकवला. नवी नोकरी एकही निर्माण झाली नाही, जाणारी वाचली. सरकारने कंपनीला फ्रान्ससारखी सवलत दिली नव्हती. एकाच कंपनीला आपल्या ऑर्डरबुकप्रमाणे असे ठरवता येते. साऱ्या देशाला एकच आकडा लावला की बेकरी आणि बॉडीशॉप एकाच मापात बसवावे लागतात.

उलटा प्रयोग एका कारखान्याच्या पातळीवरही झाला, आणि तो योगायोगाने त्याच मोझेलमध्ये. हाम्बाख इथे स्मार्ट या छोट्या गाडीचा कारखाना होता, सुमारे आठशे कामगारांचा. २०१५ मध्ये कंपनीने प्रस्ताव ठेवला: आठवड्याला ३९ तास काम, पगार ३७ तासांचा, बदल्यात २०२० पर्यंत नोकरीची हमी. सप्टेंबरमध्ये कामगारांचे मत घेतले. एकूण ५६ टक्के अनुकूल निघाले. मात्र लाइनवरच्या कामगारांपैकी ६१ टक्के विरोधात होते, अधिकाऱ्यांच्या मतांनी पारडे फिरले. सेजेते आणि सेएफदेते यांनी करार अडवला, तेव्हा कंपनीने प्रत्येकाकडून वेगळी सही घेतली आणि दहातल्या नवांहून अधिक लोकांनी ती दिली. तास वाढले. पण गाडीचा खप वाढला नाही, विजेवरच्या नव्या स्मार्टचे उत्पादन चीनमध्ये नेण्याचे ठरले, आणि हमीची मुदत संपत होती त्याच वर्षी, २०२० च्या जुलैमध्ये, मालकांनी कारखाना विकायला काढला. तो इनिऑस या ब्रिटिश कंपनीने घेतला आणि तिथे आता दुसरीच, मोठी गाडी बनते.